परेडचे ओले कपडे

कडकमावशीच्या वाटेला जायचं नाही, हे छावणीच्या मागच्या फाटकाजवळ खेळणाऱ्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. तिचं खरं नाव काय, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. इस्त्री कडक, खळ कडक आणि जीभ तर त्याहून कडक, म्हणून कडकमावशी. छावणीतल्या एका कारकुनाने एकदा तिला खिडकीतून ‘ए म्हातारे’ अशी हाक मारली. तिने त्याचे कपडे मुकाट घेतले. पण तो कारकून बदलून जाईपर्यंत दर धुण्याला त्याच्या शर्टाचं एक बटण गायब व्हायचं, आणि तेही दर वेळी वेगळं. शेवटी शेवटी बिचारा पोटावर हात धरूनच हिंडायचा. मावशीला विचारलं तर म्हणायची, "पाणी जड आहे हो इथलं."

तर अशी ही बाई. कोणाचं वाईट वागणं विसरायची नाही, आणि माफ तर मुळीच करायची नाही. लढाईच्या दिवसांत नवरा पाणी आणायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पोटी मूल नव्हतं. होती ती पाठची बहीण. आई गेली तेव्हा ती रांगत होती, आणि मावशीनेच तिला न्हाऊमाखू घालून लहानाची मोठी केली. सगळे तिला धाकटी म्हणत. मावशीने जगात कोणाला जीव लावला असेल तर तो या धाकटीला, आणि तोसुद्धा ओरडून ओरडून.

मग लढाई थांबली आणि शांतता राखायला परदेशी शिपाई आले. निळ्या टोप्या, पांढऱ्या गाड्या, आणि गाड्यांवर हात हलवणारे हसरे चेहरे. लोकांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दिवसाउजेडी बाजारात जाता यायला लागलं. छावणीत कामंही निघाली. मावशीने आजूबाजूच्या बायका जमवल्या आणि मागच्या फाटकाला लागून, बाहेरच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये धुलाईचं काम धरलं. सिमेंटचे दोन हौद, कोळशाच्या इस्त्र्या, दोऱ्यांच्या रांगा आणि कपडे देण्याघेण्याची एक खिडकी. खळ शिजवायला एक म्हातारी होती, तिला सगळ्या खळवाली आजी म्हणत. धाकटी पलीकडे स्वयंपाकघरात भाजी चिरायच्या कामाला लागली. शिपायांची भाषा वेगळी होती, पण वर्षा-दोन वर्षांत मोडकीतोडकी, कामापुरती एक बोली सगळ्यांच्या तोंडी बसली.

शिपायांचे कपडे सगळे एकसारखे. छातीवरची नावाची पट्टी धुण्याआधी काढावी लागायची, तेव्हा कोणाचा शर्ट कोणता हे कळायला मावशीने प्रत्येकाची खूण ठरवून दिली होती. कॉलरच्या आत आणि पँटच्या कमरेला रंगीत दोऱ्याचे टाके. कोणाचा लाल-लाल-पिवळा, कोणाचा हिरवा-पांढरा. खिडकीत शिपाई आला की नाव सांगायचा नाही, रंग सांगायचा. मावशीला ते सगळे रंग तोंडपाठ होते.

आणि एका दुपारी धाकटीला कोणीतरी कोठारातून कांदे आणायला पाठवलं. कोठार म्हणजे लोखंडी शटरची मोठी खोली, आत पोत्यांच्या थप्प्या. ती आत गेली, मागून शटर खाली आलं, आणि मागूनच कोणीतरी तिच्या डोक्यावरून रिकामं पोतं ओढलं. पुढचं सांगायची गरज नाही. तो गेला तेव्हा शटरला बाहेरून कुलूप लावून गेला. बऱ्याच वेळाने पोतं काढून तिने पत्रा बडवला तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायकांनी आरडाओरडा करून कुलूप उघडवलं. सगळ्यांना वाटलं, चुकून कोंडली गेली. ती घरी आली ती कांदे न आणल्याबद्दल कोणी रागावेल म्हणून रडत होती, एवढंच मावशीला कळलं. मग कित्येक दिवस तिने तोंड उघडलं नाही. शांतता राखायला आले होते ना, राखली त्यांनी. पोरीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

एक दिवस केस विंचरता विंचरता तिने ताईला सगळं सांगितलं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती हातातली फणी घेऊनच उठली आणि तशीच छावणीच्या मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

मोठे साहेब गोड बोलणारे होते. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक मोठं चित्र लावलेलं होतं, हसणारी बाई आणि खाली तक्रारीचा फोन नंबर. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, असला प्रकार आम्ही अजिबात खपवून घेत नाही. तुम्ही फक्त नाव सांगा."

"पोरीच्या तोंडावर पोतं होतं. नाव कुठून सांगणार? कोठाराची किल्ली तिघांकडे असते. त्या तिघांपैकी एक."

"तिघांपैकी एक म्हणजे दोघे निर्दोष झाले ना. नाव नसताना मी कोणाला धरू? चौकशी करू आपण. फक्त आमची तुकडी आता परत जायची आहे. पदकांची परेड झाली की विमान."

"म्हणजे तोही जाणार. पदक लावून."

साहेबांनी हात वर केले. खरोखरच केले, दोन्ही, खांद्यापर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? धाकटीला फाटकावरूनच परत पाठवलं. साहेबांचा हुकूम होता म्हणे, चौकशी होईपर्यंत तिने आत येऊ नये, तिच्याच सुरक्षिततेसाठी. म्हणजे ज्याने केलं तो आत, आणि जिच्यावर झालं ती बाहेर. अशा न्यायाला काय नाव द्यावं ते मला तरी सुचत नाही.

शेडमध्ये मावशी इस्त्री अशी आपटत होती की टेबल हलत होतं. "मी त्याला मारणार," ती म्हणाली. "तिघांनाही मारते, त्यात तो येईलच."

"आणि धाकटीला कोण बघणार?" खळवाली आजीने खळ ढवळत विचारलं.

"मग खाजकुइली घालते तिघांच्या चड्ड्यांत."

"त्यांच्या दवाखान्यात मलम मिळतं," आजी म्हणाली. "दोन दिवस खाजवतील आणि तिसऱ्या दिवशी हसतील. दुसरं काहीतरी काढ."

त्या तिघांना बायकांनी नावं ठेवलेली होती. एक ढेरपोट्या, सदा वसवसणारा. दुसरा चष्मेवाला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिसरा हसरा. हा हसरा सगळ्यांचा लाडका. पोरांना गोळ्या वाटायचा, बायकांना वाट द्यायचा, रोज खिडकीपाशी थांबून विचारायचा, "मावशी, जेवलात का?" एकदा त्याने मावशीला हाताला लावायचा चांगला साबण आणून दिला होता आणि मावशीने चक्क आशीर्वाद दिला होता. मावशीच्या मते ढेरपोट्यानेच केलं. बघा ना, कसा डाफरतो.

त्याच दिवसापासून तिघांची बोचकी खिडकीतून जशीच्या तशी परत जायला लागली. धुतलेली नाहीत, उघडलेलीही नाहीत. ‘कारण विचारलं तर काही बोलायचं नाही,’ असं मावशीने बायकांना बजावलं होतं. आणि रागाच्या भरात तिने चौथंही एक बोचकं परत पाठवलं. ते होतं फौजदारीणबाईचं.

ही फौजदारीण त्याच देशाची, त्याच तुकडीबरोबर आलेली. अख्ख्या छावणीत शिपायांसारखी टोपी घालणारी ती एकटीच बाई. मावशीचा हिशेब सरळ होता. त्यांचीच ना ती, मग तिलाही घामाच्या कपड्यांत राहू दे. मावशीने आयुष्यात ज्या थोड्या चुका केल्या त्यांतली ही मोठी, आणि तिच्या नशिबाने सर्वांत फायद्याचीही.

फौजदारीण दुसऱ्याच दिवशी बोचकं काखेत मारून खिडकीशी आली.

"मावशी, कपडे जसेच्या तसे आलेत. माझं काही चुकलं का?"

"ते तिघे तुमच्याच देशाचे ना?"

"कोणते तिघे?"

मावशी इस्त्री फिरवत राहिली. बाईने बोचकं खाली ठेवलं आणि एक बादली पालथी घालून ती खिडकीखाली ऐसपैस बसली. जायचं काही तिचं लक्षण दिसेना.

"माझ्या खोलीला आतून कडी नाही," ती म्हणाली. "आले त्या दिवसापासून मागते आहे. दाराला खुर्ची लावून झोपते. एका रात्री ती खुर्ची सरकली होती. मी तक्रार केली तर साहेब म्हणाले, वारा असेल. पाहुणे आले की मला पहिल्या रांगेत उभी करतात, फोटोत बाई दिसली पाहिजे म्हणून. इथल्या बायकांची गाऱ्हाणी ऐकायला मला पाठवलंय, आणि माझं टेबल ठेवलंय कुठे, तर साहेबांच्या दारासमोर. तिथे कोण येणार? वर्षभरात एक बाई आली, तीही बाथरूम कुठे आहे विचारायला."

मावशीने इस्त्री बाजूला ठेवली. "मग आता रडणार का इथे बसून?"

"रडून झालंय. आता काम करायचं आहे. तुमच्या शेडमध्ये मला एक कोपरा द्या. धुणं द्यायच्या निमित्ताने बायका येतील, कोणाला संशयही यायचा नाही."

"आणि तुमच्याच माणसाचं नाव निघालं तर?"

"तर तो विमानात बसणार नाही. बसला तर माझ्या शेजारी, बेड्या घालून."

मावशीने खिडकीतून हात बाहेर काढला. मग बोचकं उचलून हौदात टाकलं. मावशीची माफी मागायची तेवढीच पद्धत होती.

दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागे फौजदारीणबाई बसायला लागल्या. पहिली गेली ती धाकटी. आत काय बोलणं झालं ते मावशीला ऐकू आलं नाही, पण धाकटी बाहेर आली तेव्हा तिने स्वतःहून चिमट्यांची टोपली उचलली आणि कपडे काढायला लागली. ती गेल्यावर दुसरी गेली, मग तिसरी. मावशी तोंडाचा आ वासून बघत राहिली. आपल्याच हौदावर रोज धुणाऱ्या बायका, आणि प्रत्येकीच्या पोटात काहीतरी होतं. कोणाला कामाच्या बदल्यात भलतंच विचारलं होतं, कोणाच्या लेकीच्या मागे गाडी फिरत होती. इतके दिवस सगळ्या मूग गिळून बसल्या होत्या.

पण नाव मिळेना. परेड जवळ आली.

इकडे ढेरपोट्या खिडकीवर आला आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. "माझे कपडे का धूत नाही? मी काय घोडं मारलंय तुमचं? वास येतोय माझा मला!" पाठोपाठ चष्मेवाला आला. हात जोडून म्हणाला, "मावशी, काही चुकलं असेल तर सांगा तरी. माझ्या शेजारी जेवायला कोणी बसत नाही."

ढेरपोट्याचा आवाज ऐकून मावशीने उकळत्या खळीचं भांडं उचललं. खिडकीतून ते त्याच्या तोंडावर ओतायला एक पाऊल उरलं होतं. धाकटीने मागून तिचं मनगट धरलं.

"ताई, थांब. हा विचारायला तरी आला."

"म्हणजे?"

"हे दोघे आले. तिसरा कुठाय?"

मावशीने भांडं खाली ठेवलं. खरंच की. हसऱ्याचं बोचकं पहिल्यांदा परत गेलं त्यानंतर तो खिडकीकडे फिरकलाच नव्हता. जेवलात का विचारायलाही नाही. आणि अंगावर तर रोज स्वच्छ, कडक इस्त्रीचे कपडे. मग धुतंय कोण?

धाकटीने त्या दिवशी आलेली सगळी बोचकी जमिनीवर मोकळी केली. एकेका शर्टाची कॉलर उलटून बघत ती बसली. एका नवख्या शिपायाच्या बोचक्यात दोन शर्ट निघाले, त्यांच्या कॉलरला टाकेच नव्हते. बोट फिरवलं तर बारीक बारीक भोकं लागत होती. कोणीतरी ब्लेडने दोरा कापून उपटून काढला होता. मावशीने शर्ट हातात घेतला. कोपराला ठिगळ होतं. ते तिनेच लावलं होतं, हसऱ्याला, एक पैसा न घेता.

"ज्यांना कारण माहीत नव्हतं ते विचारायला आले," धाकटी म्हणाली. "याने विचारलं नाही ताई. खुणा काढून दुसऱ्याच्या बोचक्यात कपडे घुसवले. आपण कपडे का धूत नाही, ते याला माहीत आहे."

मावशी उठली. ती आत गेली, फळीवरचा तो चांगला साबण घेतला आणि गटारात फेकला. मग हात धुतले, कपडे धुण्याच्या साध्या साबणाने, कातडी लाल होईपर्यंत. आपण त्याला आशीर्वाद दिला होता हे तिच्या जिवाला इतकं लागलं होतं की त्या दिवशी तिने कोणावर ओरडणंही सोडून दिलं, आणि बायका घाबरल्या.

फौजदारीणबाईंनी ढेरपोट्या आणि चष्मेवाल्याला शेडमध्ये बोलावलं आणि कपडे का धुतले जात नव्हते ते सांगितलं. ढेरपोट्या मटकन बोचक्यावर बसला.

"त्या दुपारी माझी पाळी होती," तो म्हणाला. "तोच म्हणाला, जा जेवून घे, मी बघतो. मला वाटलं, किती चांगला आहे. माझ्या घरी दोन मुली आहेत हो."

चष्मेवाल्याने हसऱ्याला शटर लावताना पाहिलं होतं. पण तो चष्मा पुसत राहिला. "मला घरी जायचंय. आपल्याच माणसाविरुद्ध जबाब दिला तर तिकडे माझं जगणं मुश्कील करतील."

मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "जा ना घरी. याच कपड्यांत जा. बायकोने विचारलं की हा कसला वास, तर सांग तिला, मी बघितलं होतं आणि गप्प बसलो."

त्याने जबाब दिला. अंगठ्याने चष्मा वर सारत, थांबत थांबत, पण दिला.

परेडच्या आदल्या दुपारी फौजदारीणबाई ते सगळं घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब म्हणतात, उद्या मोठे पाहुणे आहेत. परेड होऊ द्या, मग बघू. परवा पहाटे विमान आहे. मग काय कपाळ बघणार?" त्यांनी टोपी काढून टेबलावर टाकली. "मलाही सांगितलं, तुझं पदक आहे उद्या, उगाच घाण करून घेऊ नकोस."

मावशीने शेडभर नजर फिरवली. अख्ख्या तुकडीचे परेडचे कपडे धुऊन, खळ घालून, इस्त्री करून तयार होते. बायकांनी आठवडाभर कंबर मोडून केलेलं काम. पँटची घडी अशी की बोट कापेल. शर्टांचे गठ्ठे भिंतीला ओळीने लावलेले, संध्याकाळी न्यायला येणार होते. शिपायांकडे दुसरे चांगले कपडे नव्हते. बाकी सगळे सामानात बांधून विमानासाठी रवाना झाले होते.

"हौद भरा," मावशी म्हणाली.

कोणाला कळेना. मावशीने पहिला गठ्ठा उचलला आणि पाण्यात सोडला. खळवाली आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी पुन्हा खळ शिजवणार नाही हं, आत्ताच सांगून ठेवते." आणि दुसरा गठ्ठा तिनेच बुडवला. मग कोणी थांबलं नाही. दोन्ही हौद फुगून आले. कडक इस्त्रीच्या बाह्या पाण्यावर तरंगत होत्या आणि धाकटी काठीने त्या खाली दाबत होती. दाबता दाबता ती हसली. किती दिवसांनी हसली होती पोरगी, मावशीला रडूच कोसळलं, पण तिने ते धुरावर ढकललं.

कपडे न्यायला आलेले शिपाई धावत मागे गेले आणि मोठे साहेब धावत पुढे आले. साहेब शेडमध्ये पहिल्यांदाच येत होते. त्यांचे बूट साबणाच्या पाण्यात बुडाले.

"बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"डाग होते," मावशी म्हणाली.

"उद्या सकाळी परेड आहे. पाहुणे येणार आहेत. वर्तमानपत्रवाले येणार आहेत."

"येऊ द्या की. मीपण येते. पत्रकार मला विचारतील, तुकडी उघडी का उभी आहे, तर मी सांगते सगळं. मला भाषण करता येत नाही, पण बोलता येतं."

"तुमचं काम जाईल."

"माझ्या बहिणीचं गेलंच आहे. तिचं गेलं तेव्हा तुम्ही नाव मागत होतात. आता नाव आहे, पाहणारा आहे, पाळी सोडून गेलेला आहे. आता तुम्हाला काय पाहिजे, इस्त्री? ती मिळणार नाही. आत्ता, माझ्यासमोर त्याला धरा. मग मी कपडे पिळून देते. वाळवायचं तुमचं तुम्ही बघा."

साहेबांनी फौजदारीणबाईंकडे पाहिलं. ‘तुम्ही तरी समजवा हिला,’ असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. बाईंनी टोपी उचलून डोक्यावर घातली.

"मी वरच्या कचेरीला कळवलंय साहेब, दुपारीच, तुमच्याकडून परत येता येता. तुम्ही धरलंत तर बरं दिसेल. त्यांनी येऊन धरलं तर तुमचीही चौकशी होईल."

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. हुकूम सोडताना त्यांचा आवाज गोड नव्हता. धाकटी अजून सांगते, तिला तो आवाज फार आवडला.

हसऱ्याला न्यायचा रस्ता शेडवरूनच होता. मावशी दारात उभी राहिली. हातात कोळशाने फुललेली इस्त्री. फौजदारीणबाईंनी तिला आधीच बजावून ठेवलं होतं, त्याच्या अंगाला तुमचं बोट जरी लागलं तरी तो कोर्टात रडून दाखवेल आणि सुटेल, काही झालं तरी हात लावायचा नाही. मावशीच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. तो आला. अंगात नुसता बनियन, कारण शर्ट हौदात. दोन्ही बाजूंना शिपाई. अजूनही तो हसायला बघत होता.

"मावशी, तुम्ही तरी सांगा यांना," तो म्हणाला. "तुम्ही मला ओळखता."

मावशी एक पाऊल पुढे झाली. इस्त्रीची धग त्याच्या छातीला लागत असणार, कारण तो मागे सरकला आणि मागच्या शिपायाने त्याला पुढे ढकललं. मावशीने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

त्याचं हसू गेलं. मावशी सांगते, तेवढ्यासाठी मी अजून सात वेळा हौद भरला असता. ती बाजूला झाली आणि त्याला घेऊन गेले.

परेड झाली. ओल्या, चुरगळलेल्या कपड्यांत अख्खी तुकडी उभी, पँटा पायांना चिकटलेल्या, पाहुणे पदकं लावतायत आणि शिपाई शिंकतायत. मोठ्या साहेबांच्या शर्टाला तर एक बटण नव्हतं, ते त्यांनी हाताने झाकून धरलं होतं. फौजदारीणबाईंचे कपडे तेवढे कोरडे आणि कडक. पहिल्या रांगेत उभ्या राहायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी मागे बरी आहे, मला एका माणसावर लक्ष ठेवायचं आहे.

विमानात त्या त्याच्या शेजारीच बसल्या. तिकडे खटला चालला. त्यांच्याच लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, बढती अडवली, घरी नाही नाही ते फोन आले. त्यांनी जबाब बदलला नाही. ढेरपोट्याने नाही, चष्मेवाल्यानेही नाही. शेवटी हसऱ्याची नोकरी गेली आणि त्याला तुरुंगात टाकलं. बाईंनी फोनवर किती वर्षं ते सांगितलं. मावशी म्हणाली, "एवढीच?" आणि फोन धाकटीच्या हातात दिला.

पुढच्या तुकडीत बऱ्याच बायका आल्या. शेडला लागून गाऱ्हाण्यांची खोली झाली, साहेबांच्या दारापासून लांब. धाकटी स्वयंपाकघरात परत कामाला गेली. जाण्याआधी तिने एकच अट घातली होती, कोठाराला शटरऐवजी दार बसवा आणि कडी आतूनही लावा. सुतार आला तेव्हा ती स्क्रू हातात घेऊन त्याच्या शेजारी उभी होती. कडी बसल्यावर तिने ती लावून पाहिली, उघडून पाहिली, आणि कांदे घेऊन बाहेर आली.

"ताई, आता सोड की," ती मावशीला अधूनमधून म्हणते.

"तू सोड," मावशी म्हणते. "सोडायचं की नाही ते तू ठरवायचंस, आणि तू ठरवलंस, छान झालं. मी कशाला सोडू?"

हसऱ्याचा, नवख्याच्या बोचक्यातून आलेला बिनखुणेचा परेडचा शर्ट न्यायला कोणी आलं नाही. मावशीने तो टाकून दिला नाही, जाळलाही नाही. इस्त्रीच्या टेबलावर जी जाड चादर असते, तिच्याखाली तिने तो अंथरलाय, छाती वर करून. रोज सकाळी ती कोळसे फुलवते, इस्त्री थुंकी लावून बघते आणि म्हणते, अजून तापू दे. मग पहिला शर्ट त्या चादरीवर टाकते आणि सगळा भार देऊन इस्त्री दाबते.